शिडीची खुर्ची

"खट्क," गोळा म्हणाला.

खुर्चीत मास्तरीणबाई बसल्या होत्या. त्यांचे अर्धे केस कापून झाले होते, अर्धे बाकी होते, आणि गळ्यापासून गुडघ्यापर्यंत पांढरं कापड गुंडाळलेलं होतं. अशा अवस्थेत माणसाला फारसं काही करता येत नाही, म्हणून त्यांनी फक्त डोळे खाली वळवले. पाय ठेवायच्या पट्टीला धरून दोन वर्षांचा एक गोलमटोल मुलगा उभा होता आणि आपल्या घरात कोणी परवानगीशिवाय शिरावं तशा नजरेने त्यांच्याकडे बघत होता.

"खट्क, खट्क!" या वेळी जरा दमात.

"काय म्हणतोय गं हा?"

"उठा म्हणतोय," शिडी म्हणाली. तिची कात्री थांबली नाही. "त्याला वर यायचंय. गोळ्या, आजींचं होऊ दे. मग तुझा नंबर."

गोळ्याने हा प्रस्ताव ऐकून घेतला, नापसंत केला आणि तिथेच फरशीवर फतकल मारली.

शिडीचं खरं नाव आता फक्त दवाखान्यातले लोक घेत. शाळेत ती मुलींतच काय, मुलांतही सगळ्यात उंच होती, तेव्हापासून ती शिडी. नवऱ्यानेही हेच नाव पुढे चालवलं. तो बेकरीत पीठ मळायचा. मुलगा झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा हातात घेऊन तो म्हणाला, "अगं, हा तर छान फुगलेला गोळा आहे," आणि पोराचंही खरं नाव कागदावरच राहिलं.

दुकान शिडीच्या वडिलांचं. एकच खोली, एक आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक आणि मधोमध ती खुर्ची. वडील सांगायचे, दुकान खुर्चीभोवती बांधलंय. खरंही असेल, कारण ती दारातून बाहेर कशी जाईल हे आजवर कोणाला सुचलेलं नव्हतं. जाड लोखंडी पाया, काळी गादी, हातांवरचं कातडं झिजून गुळगुळीत झालेलं, आणि खाली पेडल. पेडल पायाने दाबलं की खट्क करून खुर्ची बोटभर वर. पुन्हा दाबलं की पुन्हा बोटभर. खाली आणायला तेच पेडल वर उचलायचं, मग ती फुस्स करत खाली बसायची. अलीकडे तिचं तेल गळत होतं. वर नेऊन ठेवली आणि पाय काढला, की थोड्या वेळाने कोणी न सांगता आपली आपण हळूहळू खाली यायची. नवरा नवी घेऊ म्हणायचा. शिडी म्हणायची, "तू म्हातारा झालास की तुलाही बदलू."

"एक सांगू का?" मास्तरीणबाई आरशातून म्हणाल्या. ज्यांना सांगायचंच असतं ते हे असं विचारतात. "रागावू नकोस."

"कात्री माझ्या हातात आहे. बघा बाई, ठरवा."

"हा तुझ्याकडे हात वर करत नाही गं. मी मघाशी आले तर माझ्याकडे दोन्ही हात करून उभा. उचल म्हणे. मी काही उचलला नाही, माझं वय झालं. पण तुझ्याकडे मी कधीच नाही पाहिला. माझी नातवंडं तर आयांच्या अंगावरून उतरायला तयार नसतात."

शिडीने त्यांचा कान हलकेच दुमडला आणि कानामागचे केस कापले. तिला उत्तर येत नव्हतं असं नाही. तिला ते द्यायचं नव्हतं.

"शहाणा आहे तो," ती म्हणाली. "मान सरळ ठेवा."

मास्तरीणबाईंनी मान सरळ ठेवली. बाई मनाने वाईट नव्हत्या. आयुष्यभर मुलांच्या चुका काढायची सवय लागली, की दिसलेली चूक पोटात ठेवणं जड जातं. पण शिडीच्या काळजाला ते लागायचं ते लागलंच, कारण त्यांनी पाहिलं होतं ते खरं होतं.

*

गोळा पोटात होता तेव्हा शेवटच्या महिन्यांत शिडीची पाठ दुखायला लागली. पोटुशी बाई, त्यातून दिवसभर उभ्याचं काम. पाठ दुखणार नाही तर काय होणार? डॉक्टर म्हणाले दुखतेच. शेजारणी म्हणाल्या दुखतेच. सासूबाई म्हणाल्या, "माझी तर अशी दुखायची की मी रांगत स्वयंपाकघरात जायचे." सासूबाईंच्या पिढीतल्या बायकांपेक्षा जास्त दुखणं नव्या पिढीला होणं शक्यच नसे. तेव्हा शिडीने ओठ मिटले आणि गिऱ्हाइकांचे केस कापत राहिली.

गोळा झाला. बाळंतपण नीट पार पडलं. आणि तो दीड महिन्याचा असताना एका सकाळी, सतरंजीवरून त्याला उचलायला ती वाकली आणि पाठीत कट् झालं. तिने पोराला पाडलं नाही. त्याला परत सतरंजीवर ठेवेपर्यंत तिने दम धरला आणि मग शेजारीच आडवी झाली. श्वास घेतला तरी कळ डोक्यात जात होती. सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. "धरते कंबर. चार दिवस पड."

चार दिवस पडली, थोडं बरं वाटलं, आणि अगदीच घर खायला उठलं म्हणून ती हळूहळू चालत दुकान बघायला गेली. ती घरात होती तेवढ्यात नवऱ्याने दुकानाला रंग दिला होता. बाळंतिणीला खूश करायला. पिवळा, लोण्यासारखा. शिडी आत शिरली, आरशासमोर उभी राहिली आणि भडकली.

"आरसा वर का टांगलास?"

"आरसा? होता तिथेच आहे."

"मला शिकवू नकोस. माझं अख्खं आयुष्य गेलंय या आरशासमोर."

प्रकार असा होता: आरसा वडिलांनी आपल्या उंचीला टांगलेला, आणि वडील होते ठेंगणे. त्यामुळे शिडीला त्यात आपली हनुवटी, नाक, डोळे दिसायचे आणि भुवयांवर चौकट यायची. स्वतःचं कपाळ बघायचं तर तिला गुडघे वाकवावे लागायचे. पंधरा वर्षं तिने स्वतःचा भांग वाकून पाडला होता. आणि आता ती ताठ उभी होती आणि समोर कपाळ होतं. कपाळ होतं आणि वर भांगही होता.

त्यावरून नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं. रंग देताना आरसा काढला, परत लावताना खिळा वर ठोकलास, तुला साधी एक गोष्ट धड करता येत नाही, असं ती म्हणाली. मी खिळ्याला हात लावला नाही, असं तो म्हणाला. शेवटी त्याने चिडून आरसा खाली उतरवला आणि भिंत दाखवली. जुनाच गंजका खिळा, जुन्याच भोकात. भोवतीचा रंगही वडिलांच्या काळचा, निळा. आरशामागे रंग द्यायचा त्याने आळस केला होता.

दोघं त्या निळ्या चौकोनाकडे बघत राहिले. मग त्याने बायकोकडे पाहिलं. लग्नापासून तो तिच्याकडे किंचित मान वर करून बघत आला होता. आता मान वर करावी लागत नव्हती. त्याने आरसा बाकावर ठेवला आणि म्हणाला, "चल. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

पाठीचे मणके दबले होते. एक नाही, काही. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून समजावलं, की हे क्वचित होतं, पण होतं. पोटातल्या बाळाची हाडं घडवायला आणि नंतर दुधासाठी शरीर आईच्या हाडांतून घेतं. बहुतेकींचं नंतर भरून येतं. कुणाकुणाची हाडं मुळातच विरळ असतात, त्यांना ते झेपत नाही. म्हातारपणी बायकांना होतो तोच आजार, फक्त अवेळी. गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली, पट्टा दिला. अंगावरचं दूध बंद करायला सांगितलं. आणि म्हणाले, "उचलायचं काहीही नाही."

"बाळाला?" शिडीने विचारलं.

"बाळाला तर नाहीच. तो रोज वाढणार."

त्या दिवशी घरी येऊन ती खूप रडली. दूध गेलं, कडेवर घेणं गेलं. आई म्हणून उरलं काय? बघणं! नवरा पोराला उचलायचा, सासूबाई उचलायच्या, समोरची इस्त्रीवाली उचलायची. वरच्या मजल्यावरचा पोरगेला भाडेकरू, ज्याला स्वतःचे मोजे सापडत नसत, तोसुद्धा उचलायचा. शिडी खुर्चीत ताठ बसायची आणि कोणीतरी गोळ्याला आणून तिच्या मांडीवर ठेवायचं. तिला वाटायचं, हाडं मी दिली आणि पोर मात्र गावाचं झालं. मत्सरच होता तो. ती स्वतःशी कबूल करायची आणि मग पुन्हा मत्सर करायची.

गोळा पाय मारायला लागला, चढायला लागला, तसं घरादाराने त्याला पढवायला सुरुवात केली. "आईवर नाही चढायचं. आईला बाऊ आहे." नवरा म्हणायचा, सासूबाई म्हणायच्या, इस्त्रीवालीही जाता येता म्हणायची. पोरगं शिकलं. इतकं शिकलं, की सगळ्या जगाकडे हात वर करायचं आणि आईसमोर आलं की हात खाली.

मग खुर्चीचं झालं. ते कोणाच्या डोक्यातून निघालं नव्हतं. एकदा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, गोळा नुकताच चालायला लागलेला, आणि तो पाय ठेवायच्या पट्टीवर चढला, तिथून गादीवर चढला, वळला आणि बसला. साहेब बसतात तसा. शिडीला हसू फुटलं. तिने एक हात त्याच्या पोटाशी धरला आणि पेडल दाबलं. खट्क. पोराचे डोळे मोठे झाले. खट्क. खट्क. ती दाबत राहिली आणि गोळा वर येत राहिला, आधी तिच्या पोटापर्यंत, मग छातीपर्यंत. मग तो गादीवर उभा राहिला आणि त्याचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. त्याने तिच्या नाकाला नाक लावलं आणि तिची बट ओढली. कोणी आणून दिल्याशिवाय तिचं पोर तिच्यासमोर आलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तेव्हापासून रोज. गोळ्याने त्या आवाजाचा शब्दच केला. भूक लागली की 'मम्मम', बेकरीतून बाप आला की 'बाबा', आणि आई हवी असली की 'खट्क'. डॉक्टरांना शिडीने विचारलं होतं, पेडल दाबलेलं चालेल का? ते म्हणाले, पायाला व्यायामच आहे.

एवढं सगळं मास्तरीणबाईंना सांगत बसायला वेळ कुठे होता? त्यांचे अर्धे केस बाकी होते, आणि आज शिडीला लवकर दुकान बंद करायचं होतं. आज तपासणी होती. आज ती डॉक्टरांना विचारणार होती.

*

दवाखान्यात शिडी आणि सासूबाई जोडीने जात. हीही एक गंमतच. पहिल्या वर्षी सासूबाई सोबत म्हणून येत आणि बाहेर बसत. एकदा डॉक्टर शिडीला दारापर्यंत सोडायला आले, बाकावर वाकून बसलेल्या सासूबाईंकडे त्यांनी टक लावून पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुमची उंची कमी झालीय का हो?" सासूबाई म्हणाल्या, "झाली असेल. या वयात उंच राहून करायचंय काय?" त्यांचीही तपासणी झाली आणि सुनेला होतं तेच निघालं. रांगत स्वयंपाकघरात जायच्या म्हणे! त्यानंतर सासूबाईंनी शिडीच्या दुखण्याची स्वतःच्या दुखण्याशी तुलना करणं सोडलं. दोघींचं एकच झालं, मग मोठं कुठलं ठरवणार?

सासूबाईंची एक गोळी होती आठवड्याची. ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. एकट्या उभ्या राहिल्या तर त्यांना झोप यायची, म्हणून शिडी सोबतीला उभी राहायची. दोघी ओट्याला टेकून उभ्या आणि गप्पा मारायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्या दोघींनी एवढं बोलणं कधी केलं नव्हतं. आता गोळीचा दिवस नसला तरी दोघी सकाळी ओट्याशी भेटत.

दवाखान्याच्या बाकावर सगळ्या आज्याच. शिडी पहिल्यांदा आली तेव्हा एकीने विचारलं होतं, "आईला घेऊन आलीस का?" आणि "नाही, मीच," म्हटल्यावर तीन आज्या तिला जागा द्यायला एकदम उठल्या होत्या. आता तिला सगळ्या ओळखत. कुणी तिला दुधावर साय किती ठेवावी ते सांगे, कुणी उन्हात कधी बसावं ते, आणि ती त्यांना कुठले केस रंगवू नयेत ते सांगे. आजही एकीने विचारलं, "मग, दुसऱ्याचा विचार?"

"एक आहे तो तिघांचा आवाज करतो," शिडी म्हणाली. "पुरे."

नाव पुकारलं तशी ती उठली. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, अगदी हलका, कारण कुठे ठेवायचा ते त्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी नवे कागद पाहिले, जुने पाहिले, पुन्हा नवे पाहिले.

"चांगलं भरून येतंय," ते म्हणाले. "अजून सांभाळायचं आहे. पण चांगलं आहे. उंची काही परत येणार नाही बरं का."

"उंची राहू दे," शिडी म्हणाली. "मी मुलाला उचलू का?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "किती वजन आहे?"

तिने सांगितलं.

"अरे बापरे."

"बाप बेकरीत आहे," सासूबाई मागून म्हणाल्या.

डॉक्टर हसले आणि मग गंभीर झाले. "जमिनीवरून नाही. वाकून अजिबात नाही. तो उंचावर असेल, टेबलावर म्हणा, तर तिथून घ्या. छातीशी घट्ट, दोन्ही हातांनी, ताठ उभं राहून. कडेवर नाही, एका बाजूला भार नको. थोडाच वेळ. दमलात की लगेच खाली. जमेल?"

"टेबलावरून," शिडी म्हणाली.

"उंचावरून. काहीही असेल तुमच्याकडे."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. दोघींनाही एकच वस्तू दिसत होती आणि ती डॉक्टरांना समजावून सांगायला दोघीही थांबल्या नाहीत.

बसमध्ये मात्र शिडी खिडकीकडे तोंड करून बसली. सासूबाईंनी दोन थांबे वाट पाहिली.

"आता काय झालं? हो म्हणाले ना?"

"हो म्हणाले."

"मग तोंड असं का?"

"त्याने नाही म्हटलं तर?"

"कोणी? डॉक्टरांनी?"

"गोळ्याने." शिडीने बोलून टाकलं. "आई, तो माझ्याकडे हात करतच नाही. मास्तरीणबाई सकाळी म्हणाल्या. मला ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्यांकडे करतो. माझ्याकडे त्याला फक्त खुर्ची लागते. मी आता हात पुढे केले आणि तो नुसता बघत राहिला, तर मी काय करू? लहान होता तेव्हा घेतला नाही, आता मोठा झाला. राहिलं ते राहिलंच."

सासूबाईंना यावर पटकन काही सुचलं नाही, आणि सुचलं नाही तर उगीच बोलायचं नाही हे त्या गेल्या वर्षभरात ओट्यापाशी शिकल्या होत्या. त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर घेतला. "घरी तर जाऊ," त्या म्हणाल्या.

*

दुकानाचं दार लोटलेलं होतं. नवरा दुपारी बेकरीतून सुटून गोळ्याला घेऊन इथेच येऊन बसला होता, म्हणजे बसला होता असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात तो बाकावर डोकं मागे टाकून घोरत होता, कानाच्या पाळीवर पीठ तसंच होतं, आणि गोळा त्याच्या चपला एकात एक घालायचा प्रयत्न करत होता.

दार वाजलं तसं गोळ्याने मान वर केली. आधी आजीला पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. आजी म्हणाली, "मी नाही रे बाबा, मलाही बाऊ आहे आता." मग आईला पाहिलं. हात खाली गेले. तो उठला, पट्टीवर चढला, गादीवर चढला, वळून बसला.

"खट्क," तो म्हणाला.

नवरा जागा झाला. "काय म्हणाले?"

सासूबाईंनी त्याला बोटाने गप्प केलं. शिडीने पिशवी बाकावर ठेवली, एक हात गोळ्याच्या पोटाशी धरला आणि पेडल दाबायला लागली. खट्क. रोजच्यासारखंच. खट्क. गोळा वर येत होता आणि मान डोलावत होता. आणखी वर, शेवटपर्यंत, जिथे खुर्चीचं पेडल घट्ट होऊन पुढे जायला नकार द्यायचं. गोळा गादीवर उभा राहिला. नाकाला नाक लागलं. बट ओढून झाली.

शिडी अर्धं पाऊल मागे सरली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"ये," ती म्हणाली.

गोळ्याने तिच्या हातांकडे पाहिलं. तिचे हात त्याला चांगले ओळखीचे होते. जेवण भरवणारे, नाक पुसणारे, केस विंचरणारे. पण ते असे पुढे आलेले त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. जागचा हलला नाही.

"ये ना रे," ती पुन्हा म्हणाली. "बाबांकडे जातोस तसा."

गोळ्याने मान हलवली. नाही. मग त्याने आपला आखूड हात लांब केला, तिच्या खांद्यावरून मागे नेला आणि पाठीवर जिथपर्यंत पोचला तिथे टेकवला. एखादी तापलेली वस्तू चाचपून बघावी तितका हलका.

"आईला बाऊ," तो म्हणाला. आणि आईला समजलं नसेल म्हणून पुन्हा सांगितलं, समजुतीच्या सुरात, जसं त्याला सगळे सांगत आले होते तसं. "नाही चढायचं. आईला बाऊ."

नवऱ्याने चप्पल शोधायला म्हणून मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. शिडीला एकदम सगळं कळलं आणि इतका आनंद झाला की तिला रडू आलं. हा सांभाळत होता! दोन वर्षांचं पोर, ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, ते जगाकडे हात वर करत होतं आणि आईपाशी आलं की हात आवरून घेत होतं. त्याला ओढ नव्हती, असं ती समजत होती. घरातल्या सगळ्यांनी तिला जपलं हे तिला माहीत होतं, पण त्या सगळ्यांत तिने याला धरलंच नव्हतं.

"बाऊ बरा झाला," ती म्हणाली. "डॉक्टरकाकांनी सांगितलं. आता यायचं."

गोळ्याचा विश्वास बसला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला दुसरी साक्ष हवी. त्याने आजीकडे पाहिलं.

"खरंच," सासूबाई म्हणाल्या. "जा तू. हळू जा."

मग तो आला. उडी मारून नाही. आधी एक हात तिच्या गळ्यात घातला आणि थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघून घेतलं. दुसरा हात घातला आणि पुन्हा थांबला. शिडीने त्याच्या पाठीमागून दोन्ही हात नेले, त्याला छातीशी धरलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी ताठ उभी राहिली. त्याचे पाय गादीवरून सुटले. तरी त्याने अंग आखडून धरलं होतं, आपलं वजन आपणच धरून ठेवता येईल अशा बेताने. हळूहळू त्याचे गुडघे सैल झाले, मग पाठ, मग मान, आणि गोळा त्याच्या सगळ्या वजनानिशी तिच्या अंगावर आला.

जड होता. चांगला जड होता. त्याच्या पायांची बोटं तिच्या मांड्यांशी लागत होती. आरशात तिला दोघं दिसत होती, तिचं कपाळ, तिचा भांग, आणि भांगाशी टेकलेलं त्याचं डोकं. पूर्वीची शिडी असती तर यातलं निम्मं चौकटीच्या वर गेलं असतं.

"खट्क," गोळा तिच्या कानात म्हणाला.

"एवढंच," ती म्हणाली. "आई एवढीच वर जाते."

त्याला ते चाललं. त्याने खांद्यावर गाल टेकवला आणि अंगठा तोंडात घातला. त्यांच्या मागे खुर्ची रिकामी उभी होती, होती तेवढ्या उंचीवर, थोडा वेळ. मग कोणी पेडलला हात न लावताच ती फुस्स करत हळूहळू खाली जाऊन बसली.